वहिनीने न दिलेलं वाक्य

माझ्या वहिनीसमोर बोलताना अडखळायची सोय नव्हती. तुम्ही शब्द शोधायला लागलात की तो तिच्याकडून यायचा. हळू, ओठ जवळजवळ न हलवता, आणि नेमका. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, जेवायला बसला की सांगायला लागायचा, "आज कारखान्यात त्या नव्या..." आणि घास तोंडात घ्यायचा. तेवढ्यात वहिनी म्हणायची, "साहेबाने."

"मला माझ्या घरात माझं वाक्य तरी पुरं करू दे," दादा म्हणायचा.

"कर की. मी कुठे अडवलंय? मी तर मागून ढकलतेय."

ही तिची खोड नव्हती, तिचा धंदा होता. ती नाटकगृहात प्रॉम्प्टर होती. विंगेत, पडद्याच्या आड, एका स्टुलावर बसायचं. मांडीवर नाटकाची वही, वहीवर छोटा दिवा. नट विसरला की पुढचे दोन शब्द द्यायचे. नटाला ऐकू गेलेच पाहिजेत, पहिल्या रांगेला जाता कामा नयेत. त्यांच्या भाषेत प्रॉम्प्टर वाक्य 'देतो' आणि नट ते 'घेतो'. दिलेलं वाक्य घ्यायचंच असतं. विंगेतून आलेल्या शब्दाशी स्टेजवर उभं राहून वाद घालता येत नाही.

लोकांना हे बसून करायचं काम वाटतं. मी जन्मभर वजनं उचलली आहेत, म्हणून सांगतो, ते कष्टाचं काम आहे. अडीच तास डोळा वहीत, कान स्टेजवर. खोकायचं नाही, पाय हलवायचा नाही. आणि नट गप्प झाला की पापणी लवायच्या आत ठरवायचं, हा मुद्दाम थांबलाय की विसरलाय. मी एकदा तिला विचारलं होतं, कसं ओळखतेस?

"डोळ्यांवरून. थांबलेला माणूस बघतो. विसरलेला शोधतो."

मी बारा वर्षांचा होतो तेव्हा ती लग्न होऊन आमच्या घरी आली. आई नव्हती. माझं अक्षर वाईट होतं, उजवीकडे कललेलं. "वाऱ्यात सापडल्यासारखी का दिसतात रे ही सगळी?" असं म्हणून तिने मला रोज एक पान लिहायला लावलं. चार वर्षं. अक्षर वाचता येण्यासारखं झालं. कलायचं थांबलं नाही.

बाविसाव्या वर्षी तिने नाटकगृहातल्या सामानाच्या टोळीच्या मुकादमाकडे माझ्यासाठी शब्द टाकला. मला म्हणाली, "शब्द मी टाकलाय. वजन तुला उचलायचंय." लागलो रोजंदारीवर.

मुकादम हा बारीक, ठेंगणा माणूस. त्याच्या अंगावर मांस कुठे होतं ते शोधावं लागायचं. पण पियानो असो, लोखंडी जिना असो, त्याने हात लावला की वस्तू ऐकायची. माझ्या पहिल्याच दिवशी आम्ही चौघांनी पियानो उचलला. मुकादम तेव्हा दुसरीकडे होता. नेऊन ठेवायला गेलो तर त्या जागेवर बाक. बाक हलवायला कुणाचाच हात मोकळा नाही. पियानो कलला आणि माझा डावा अंगठा मध्ये आला. मुकादमाने येऊन फडकं बांधलं. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "उचलण्याआधी ठेवायची जागा बघून घ्या." त्यानंतर ते वाक्य मी रोज ऐकलं. वस्तूला हात लावायच्या आधी तो आम्हाला रिकाम्या हाताने तिथवर चालत न्यायचा, जागा दाखवायचा, परत आणायचा. मगच उचला. माझं ते नख अजून दुभंगलेलंच वाढतं.

आता हे वाक्य वाचणाऱ्याने आधीच कुठेतरी ऐकलेलं असणार, असं आमच्या शहरात तरी गृहीत धरायला हरकत नाही. कारण ते एका नाटकातलं म्हणून गाजलं. नाटकात एक म्हातारा बाप घर सोडून निघालेला असतो. सामान बाहेर काढणं चालू असतं. थोरली मुलगी म्हणते, बाबा, तुमचं सगळं मी सांभाळते, द्या इकडे. बाप उघड्या कपाटाशी उभा असतो. तो थांबतो आणि म्हणतो, "उचलण्याआधी ठेवायची जागा बघून घे." चारशेच्या वर प्रयोग झाले. वाक्य पेपरात आलं, कॅलेंडरवर आलं. निरोपसमारंभात ते म्हटल्याशिवाय कुणी खाली बसेना. माझ्या मुलीच्या शाळेच्या जिन्यात ते रंगवलेलं होतं. खाली नाटककाराचं नाव.

मुकादम निवृत्त झाला तेव्हा टोळीतर्फे मी बोललो. म्हणालो, "आमच्या मुकादमांनी नाटकातलं एकच वाक्य उचललं, पण जागा बघून ठेवलं." सगळे हसले. मुकादम म्हणाला, "असेल." तो आता नाही. ते 'असेल' माझ्याजवळ राहिलं आहे.

गेल्या वर्षी नाटकगृहाची दुरुस्ती झाली. उघडायला बारा दिवस असताना तिथल्या ग्रंथपाल बाई माझ्या घरी आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. नव्या जिन्याच्या भिंतीवर जुन्या नाटकांतली वाक्यं लिहायची होती, आणि त्यांचा नियम असा, की वाक्याखाली नाटकाचं नाव आणि पान.

"काका, हे वाक्य नाटकात नाही," त्या म्हणाल्या.

"मी स्वतः ऐकलंय. शेकडो वेळा."

"ऐकलंय सगळ्यांनी. छापलेलं कुणी पाहिलेलं नाही. पुस्तक तीनदा वाचलं. नाटककारांच्या हाताची वही आहे, तीही वाचली. बाप कपाटाशी दुसरंच काहीतरी बोलतो. त्या वेळच्या टोळीतले तुम्ही एकटेच राहिलात, म्हणून आले."

"आमचा मुकादम तर हे वाक्य रोज म्हणायचा."

"कधीपासून?"

मी अंगठ्याकडे बघितलं. अंगठा चेंगरला माझ्या पहिल्या दिवशी. नाटक आलं त्यानंतर दोन वर्षांनी.

लाज वाटली. आठवायला लागल्यावर हेही आठवलं, की सुरुवातीला आम्ही टोळीतले आपसात म्हणत होतो, नाटककारांनी मुकादमाचं ऐकून घातलेलं दिसतंय. पुढे छापून येत गेलं, नाव मोठं होत गेलं आणि आमचीच जीभ फिरली. आपल्या माणसाचं वाक्य आपणच दुसऱ्याला देऊन टाकलं आणि वर त्याच्या निरोपाला त्यावर विनोद केला.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथपाल बाईंच्या खोलीत गेलो. त्यांनी प्रयोगांच्या नोंदीची वही काढली. प्रत्येक प्रयोगानंतर व्यवस्थापक त्यात दोन ओळी लिहीत असे. पहिल्या प्रयोगाची नोंद अशी होती: 'दुसऱ्या अंकात प्रॉम्प्टर बाईंनी भलतंच वाक्य दिलं. मुलीचं काम करणारी गोंधळली. दिवे उशिरा गेले. नाटककारांच्या आग्रहावरून बाईंना उद्यापासून कपडेपटात पाठवलं आहे.'

"हेच पान उघडं ठेवून वही काचेच्या पेटीत ठेवणार आहोत," त्या म्हणाल्या. "एवढा गाजलेला पहिला प्रयोग. या बाई कोण, माहीत आहे का तुम्हाला?"

"माझी वहिनी."

त्यांनी वही मिटली. मी उघडायला सांगितली.

आमच्या घरात वहिनीने सांगितलं होतं, डोळे दुखतात, म्हणून काम बदलून घेतलं. कपडेपटात तिने पुढे बावीस वर्षं नटांच्या कपड्यांना इस्त्री केली. आणि त्या दिवसापासून तिने आमची वाक्यं पुरी करणं सोडलं. दादा अडला की ती त्याच्याकडे बघत बसायची. पहिल्या आठवड्यात दादा म्हणाला, "सुटलो." महिन्याने म्हणाला, "घर कसं मुकं झालंय." डोळ्यांचा आणि याचा काय संबंध, असं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

मी ग्रंथपाल बाईंना म्हटलं, तिच्या नावावर आणखी चुका किती आहेत ते बघा. त्यांनी दोन दिवस लावून पंधरा वर्षांच्या वह्या पालथ्या घातल्या. दोन हजारांच्या वर प्रयोग. चूक ही एकच.

वहिनी आता एक्याऐंशी वर्षांची आहे. दादा गेल्यापासून आमच्याच मजल्यावर, समोरच्या दोन खोल्यांत राहते. मी संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसतो. त्या संध्याकाळी ती उसवलेल्या उशीला टाके घालत होती. मी सगळं सांगितलं.

"जुनं सामान हलवू नकोस," ती म्हणाली.

"ते वाक्य तू दिलंस का?"

"नोंदीत लिहिलंय ना?"

"नोंदीत लिहिलंय. तू दिलंस का?"

"भाऊजी, तुम्हाला दुसरा काही उद्योग नाही का?"

एरवी ती मला 'तू' म्हणते. 'भाऊजी' आणि 'तुम्ही' आलं की समजावं, बोट दुखऱ्या जागी पडलंय.

"उद्घाटनाला बोलावणं आहे तुला. जुन्या माणसांना पुढे बसवणार आहेत."

"मला काचेखाली ठेवतायत ना? मग एकीला बघून झालं की पुरे. दुसरी कशाला?" दोरा तोडून म्हणाली, "मी येणार नाही."

ती हसत होती, पण सुई तिने दोनदा चुकीच्या जागी टोचली. मी बसल्या बसल्या तिला बघत होतो. पंधरा वर्षं तिने जे काम चोख केलं, त्यातलं लोकांसमोर राहणार काय, तर न केलेली एक चूक. न केलेली, कारण माझा हिशेब साधा होता. प्रॉम्प्टर देतो ते वहीतलं. हे वाक्य वहीत नव्हतं. ते आमच्या टोळीत होतं, मागच्या आवारात, आणि वहिनी तिकडे कधी फिरकत नसे, मीही घरी टोळीतलं काही बोलत नसे. मग तिने ते आणलं कुठून? आणि तिने दिलं नसेल, तर नटाने घेतलं कुठून?

बापाचं काम करणारा नट मोठा होता आणि त्याचं पाठांतर कच्चं होतं. हे प्रेक्षकांना माहीत नव्हतं. आम्हाला होतं, कारण सामान आम्ही हलवायचो. खुर्चीच्या पाठीला, टेबलाच्या खणात, सगळीकडे त्याच्या चिठ्ठ्या टाचलेल्या असायच्या. आणि ते वाक्य तो उघड्या कपाटाशी म्हणायचा.

कपाट अजून होतं. गोदामाच्या टोकाला, तोंड भिंतीकडे करून. भरीव लाकडाचं. ग्रंथपाल बाई माझ्याबरोबर आल्या होत्या. लगेच बाह्या सरसावून पुढे झाल्या.

"हात लावू नका," मी म्हटलं.

"अहो काका, फिरवायचंच तर आहे."

"कुठे फिरवायचं? तिथे रंगाचे डबे आहेत."

डबे हलवले. जमीन झाडली. कपाटाखाली दोन नळ्या सरकवल्या. त्यात अर्धा तास गेला. कपाट फिरवायला दोन मिनिटंही लागली नाहीत. असंच असलं पाहिजे.

दार उघडलं. आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, पिवळा पडलेला एक कागद. त्यावर बापाची चार वाक्यं, वहीत आहेत तशी. पण अक्षर नटाचं नव्हतं. सरळ, सुटं, ओळीत बसलेलं. ते अक्षर मी चार वर्षं गिरवलं होतं. आणि नट चिठ्ठी टाचणीने लावायचा, हा कागद चारही कडांनी खळीने घट्ट चिकटवलेला होता. चिकटवणाऱ्याला कागद दाखवायचा नव्हता, त्याच्यामागचं झाकायचं होतं.

एक कोपरा सुटला होता. ग्रंथपाल बाईंनी ओला बोळा आणि पातळ सुरी घेतली आणि फार सावकाश, कागद न फाडता, तो सोडवला. त्यांच्या कामाला मी नाव ठेवणार नाही. खाली काळ्या रंगात एक ओळ होती.

'उचलण्याआधी ठेवायची जागा बघून घ्या.'

सगळी अक्षरं उजवीकडे कललेली. वाऱ्यात सापडल्यासारखी.

मग आठवलं. तालमीच्या वेळी ते कपाट टोळीतल्या एकाच्या पायावर आलं होतं. मुकादमाने पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मला सांगितलं, कपाटाच्या पाठीवर हे मोठ्या अक्षरांत लिही. टोळीत लिहिता येणारा मीच. अशा सूचना मी किती लिहिल्या असतील, 'इकडून धरा', 'दोघे लागतात', त्याची गणती नाही. त्या दिवशी कपाटाच्या पाठीला नुकताच रंग दिला होता, ओला होता. मी वाळायची वाट बघितली नाही. दार उघडून आत लिहिलं, उद्या पुसू म्हटलं. स्टेजवर उघडणाऱ्या वस्तूची आतली बाजू नटांची असते. तिथे टोळीच्या माणसाने ब्रश लावला तर त्याच दिवशी घरी, असा नियम होता. उद्या दुसरं काम निघालं. मग कधीतरी दार उघडलं तेव्हा आत कागद दिसला आणि मीही विसरलो.

वहिनीकडे गेलो. उभ्यानेच म्हटलं, "कपाट उघडलं."

तिने उशी बाजूला ठेवली.

"त्याची चिठ्ठी पडली होती," ती म्हणाली. "मी त्याचे डोळे बघितले. शोधत होता. मी द्यायला तोंड उघडलं आणि त्याचं तेवढ्यात दाराकडे लक्ष गेलं. वाचून मोकळा झाला. म्हटलं, हे कुठलं? प्रयोग संपल्यावर जाऊन बघितलं. चिठ्ठी खाली पडलेली, आणि वर तू."

"मी?"

"तुझं अक्षर. मीच वळवलंय ना ते. पुरतं वळलं नाही, म्हणून ओळखता आलं."

तिने तिथेच, उभ्या उभ्या, वहीतलं कोरं पान फाडून वाक्यं लिहिली आणि वर चिकटवली. मग तिला व्यवस्थापकाच्या खोलीत बोलावलं. नाटककार रागाने लाल झालेले. नट म्हणाला, बाईंनी दिलं ते मी घेतलं. आपण चिठ्ठ्या वाचतो हे तो नाटककारांसमोर कसं सांगणार?

"आणि तू?"

"मी काय? तुला कायम करायचा कागद तिथेच टेबलावर होता. सही राहिली होती. मला काढून काढून कुठे पाठवणार, कपडेपटात. तुला फाटकाबाहेर पाठवलं असतं."

"दादाला तरी सांगायचंस."

"त्याला सांगितलं असतं तर तो चारचौघांत अर्धं बोलून थांबला असता. आणि उरलेलं कुणीतरी पुरं केलं असतं."

"बावीस वर्षं इस्त्री केलीस."

"बरं होतं ते काम. कपडे विसरत नाहीत."

त्या कागदावर दुसऱ्या दिवशी सही झाली. त्यावर मी छत्तीस वर्षं काढली. माझं लग्न, मुलीचं शिक्षण, ही खोली, सगळं त्या सहीमागून आलं. पुढे पेपरात त्या वाक्याचं कौतुक आलं आणि नाटककारांनीच ते नाटकात ठेवून घेतलं, तेव्हा तिला खरं सांगता आलं असतं, कुणी मला काढलंही नसतं कदाचित. तिने तेही केलं नाही. कदाचितवर तिने मला ठेवलं नाही. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"आभारबिभार नकोत," ती म्हणाली. "नोंद नीट करून घे. ती चुकीची आहे."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही नाटकगृहात गेलो. वहिनी आली. जिन्याच्या भिंतीवर वाक्य लिहून झालं होतं. खाली नाटकाचं नाव होतं आणि त्याखाली: 'मूळ वाक्य सामानाच्या टोळीच्या मुकादमांचं. पुस्तकात नाही.' वहिनीने ते दोनदा वाचलं. म्हणाली, "अक्षर सरळ आहे."

व्यवस्थापकांच्या खोलीत तिला खुर्ची दिली. तिने स्टूल मागितलं आणि माझ्या मागे, भिंतीशी बसली. आताचे व्यवस्थापक भले गृहस्थ आहेत. त्यांनी वही उघडून जुन्या नोंदीवर काट मारायला पेन उचललं.

"खोडू नका," वहिनी म्हणाली. "जे झालं ते तसंच लिहिलेलं राहू दे. खाली लिहा."

मग ग्रंथपाल बाईंनी पेन घेतलं आणि मला सांगायला सांगितलं. मी वाटेत तयारी केली होती. चार वाक्यं, पाठ.

"कपाटाच्या दारावर मुकादमांचं वाक्य मी लिहिलं," मी म्हटलं. "चिठ्ठी पडल्यामुळे नटाने ते वाचलं. प्रॉम्प्टर बाईंनी दिलं नव्हतं. चूक..."

पुढचा शब्द 'माझी' होता. तो येईना. विसरलो नव्हतो. मी समोरच्या भिंतीवर काहीतरी शोधायला लागलो. ग्रंथपाल बाईंचं पेन कागदावर थांबलं होतं.

मागून आवाज आला. हळू, नेमका. पंचेचाळीस वर्षांनी.

"ओल्या रंगाची."

व्यवस्थापकांना ऐकू गेलं नाही. मला गेलं. मला ते पटलेलं नाही. रंग ओला होता, पण ब्रश माझ्या हातात होता आणि वाट मी बघितली नव्हती. कुणीही विचारलं तर मी हेच सांगेन. पण दिलेलं वाक्य घ्यायचं असतं.

"चूक ओल्या रंगाची," मी म्हटलं. ग्रंथपाल बाईंनी लिहून घेतलं.

घरी येताना वाटेत वहिनीने माझी तीन वाक्यं पुरी केली. एकही चुकलं नाही.